कंठी घातलेले हंस

तुमची चादर सिनेमात आलीय, असं ओरडत शेजारची अक्का आमच्या दारात आली तेव्हा अव्वा भाकरी थापत होती आणि अप्पा नाकावर चष्मा घेऊन चौकटीच्या कागदावर पट्टे भरत होते. अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा म्हणजे वडील. मी तेरा वर्षांची होते आणि दुपारभर पुठ्ठ्याला भोकं पाडून माझी बोटं दुखायला लागली होती. अक्का तीनच्या खेळाहून थेट आली होती. तिला इतका दम लागला होता की पहिलं वाक्य ती तिच्या घरच्या तेलुगूत बोलली, दुसरं मराठीत, आणि तिसऱ्याऐवजी तिनं आमच्या माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"अवो, तुमची हंसाची चादर! त्या हिरोईनच्या अंगावर हाय. डोंगरात गाणं म्हणती, चादर पांघरून नाचती. म्या ह्या डोळ्यांनी बगितलं की!"

अप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. "सोलापुरात काय एकच हंस हाय व्हय? बक्कळ कारखान्यांत हंस विणत्यात," ते म्हणाले आणि पुढचं घर भरू लागले.

माझा हात मात्र थांबला. हंसाचं नाव निघालं की तो असाच थांबायचा. त्याचं कारण आमच्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

आमच्या घरचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. चादरीवर जी नक्षी दिसते ती आधी कागदावर काढतात. कागदाला बारीक चौकोनी घरं असतात, ती भरत भरत फूल, वेल, पाखरू तयार होतं. मग कागदावरची एकेक ओळ पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर भोकं पाडून उतरवायची. ह्या पट्ट्यांना आम्ही पत्ते म्हणायचो. असे शेकडो पत्ते ओळीनं शिवले आणि त्यांची माळ मागावर चढवली की जिथं भोक तिथं एक रंग, जिथं भोक नाही तिथं दुसरा, अशी नक्षी आपोआप विणली जाते. अप्पा कागद काढायचे आणि वाचायचे. मी समोर बसून पाडायचे. "दोन पाड, तीन सोड, एक पाड, पाच सोड," असं त्यांचं सकाळपासून चालायचं. दुसऱ्या घरांतल्या मुली पाढे पाठ करायच्या, मी हे ऐकत वाढले. अप्पांचा आवाज एका पट्टीत चालायचा, त्यात ना चढ ना उतार. खरं सांगायचं तर भयंकर कंटाळा यायचा.

अप्पांचा हात पाखरांवर बसलेला होता. मोर, पोपट, चिमण्या, काय म्हणाल ते. त्यांची पाखरं कोरी करकरीत चादर झटकली की उडून जातील, असं गावाच्या पूर्व भागातले, मागावरचे कारागीर म्हणायचे आणि अप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यातही हंसांची ती जोडी त्यांच्या फार लाडाची होती. समोरासमोर तोंड केलेले दोन हंस, लांब बाकदार माना, खाली पाण्याच्या तीन लाटा. ह्या हंसांच्या माना काढायला त्यांनी आठ दिवस घेतले होते. एकेक घर भरायचे, कागद लांब धरून बघायचे, पुन्हा खोडायचे.

ते पत्ते पाडायला आम्ही बसलो त्या दिवशी कारखान्याचा माणूस दाराशी सायकल लावून उभाच होता. काम मानेपर्यंत आलं आणि नेमका गल्लीत सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा शिरला. दोन्ही अंगांना रंगवलेले फलक, वर कर्णा, आणि कर्ण्यातून गाणं. ते गाणं मला तोंडपाठ होतं. तेव्हा गावातल्या प्रत्येक पोरीला होतं. मी आधी ओठातल्या ओठात, मग गुणगुणत ते म्हणायला लागले. अप्पा म्हणत होते, "दोन पाड, चार सोड," आणि माझा हात चालला होता गाण्याच्या ठेक्यावर. टांगा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तीन पत्ते पाडून झाले होते. तिसऱ्या पत्त्याला काहीतरी चुकल्याचं मला जाणवलं होतं, हेही कबूल करते. पण तो सायकलवाला घाई करत होता, आणि एरवी आम्ही पत्ते पुन्हा कागदाशी ताडून बघायचो ते त्या दिवशी राहून गेलं.

चूक दिसली ती मागावर. हंसांच्या मानेतल्या तीन ओळी दोन-दोन घरं सरकल्या होत्या. कारागिराच्या ध्यानात येईपर्यंत पाच-सहा डझन चादरी विणून झाल्या होत्या. कारखानदारांनी तो माल दुय्यम म्हणून मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला आणि अप्पांना नव्यानं तीन पत्ते पाडून द्यायला सांगितले. कारखानदारांनी त्यांना बोल लावला नाही. पण अप्पा घरी येऊन कागद मांडून बसले, त्या तीन ओळींवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं, आणि मला म्हणाले, "कागद तर बरोबर हाय. मग मी काय वाचलं गं?"

मी म्हणाले, "तुमी वाचलं तसंच पाडलं, अप्पा."

खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी जरासुद्धा अडखळले नाही.

"म्हंजे डोळं गेलं," अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी चष्मा आणला. त्या चष्म्यातून त्यांना कितपत दिसायचं देव जाणे, कारण वाचताना ते तो कपाळावर चढवायचे. पण पाखरं काढणं त्यांनी सोडून दिलं. आता ते फक्त पट्टे आणि चौकड्या काढायचे. पट्टा चुकला तरी कुणाची मान मोडत नाही, असं एकदा अव्वाला म्हणाले. अव्वा हसली. मी हसले नाही. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायचे आणि आज सांगू, आज सांगू म्हणत वर्ष काढलं.

तर अक्काच्या ह्या बातमीनं अव्वा हातातलं पीठ झटकून उठली. तिनं म्हणे लग्नानंतर एकही सिनेमा धड शेवटपर्यंत बघितला नव्हता. पहिल्यांदा मी रडले म्हणून बाहेर यावं लागलं, दुसऱ्यांदा वीज गेली. दुसऱ्याच दिवशी बाराच्या खेळाला अव्वा, अक्का आणि मी अशा तिघी निघालो. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, लोकांच्या हातात जरा चार पैसे खुळखुळायला लागले होते, आणि थिएटरसमोर रांग रस्त्यापर्यंत आली होती. बायकांची खिडकी वेगळी होती. तिथं रांग नव्हती, नुसती ढकलाढकली होती. त्यात अक्का तरबेज होती. ती कोपरं पुढं करून आत शिरली आणि तीन तिकिटं मुठीत धरून पदर सावरत बाहेर आली.

सिनेमा काय होता म्हणून सांगू! थंड हवेच्या डोंगरातलं एक गाव. तिथं एक पोस्टमन आणि एक बेकरीवाली. पोस्टमन दुसऱ्यांची पत्रं चुकून भलत्याच घरी टाकतो, बेकरीवालीचे पाव रोज करपतात, आणि दोघं एकमेकांशी भांडतात ते गाण्यातून. गावात एक मोडका बँड असतो, त्याला जत्रेत वाजवायचं असतं आणि ढोलवाल्याला ठेका धरता येत नाही. एवढीच काय ती अडचण. सबंध सिनेमात खलनायक नव्हता. कुणी मेलं नाही. नायिकेची आई खोकली तेव्हा अव्वानं डोळ्याला पदर लावायची तयारी केली, पण ती पुढच्याच गाण्यात स्वतः नाचायला लागली. अव्वाला हिंदी अर्धंमुर्धं कळायचं. बाजारातल्या बागवानाशी भाजीच्या भावावरून बोलून जेवढं आलं तेवढंच. पण तिला कुठंच अडलं नाही. पोस्टमन पिठाच्या पोत्यात पडला तेव्हा ती माझ्या मांडीवर थापा मारत हसत होती. माझी अव्वा अशी हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या सोलापूरच्या थिएटरची एक गंमत सांगते. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळं निम्म्या गावाला मोठ्यानं बोलायची सवय होती. कानात कुजबुजणं म्हणजे काय हे कारागिराला ठाऊकच नव्हतं. त्यामुळं पडद्यावर जे बोललं जाई त्याला लगेच खालून उत्तर मिळे. पोस्टमननं चुकीच्या घरी पत्र टाकलं की चार जण ओरडायचे, "तितं न्हाय, शेजारी!" पाव करपायला लागले की बायकांकडून सूचना यायच्या. सिनेमा असाच बघायचा असतो असं मला वाटायचं. पुढं पुण्यात एका थिएटरात मी नायकाला वाट सांगायला गेले तर सगळ्यांनी वळून बघितलं.

आणि मग ते गाणं आलं. पहाट झालेली, धुकं, नायिका पावाची टोपली घेऊन डोंगर चढतेय, थंडी वाजतेय म्हणून तिनं खांद्यावरून चादर घेतलेली. लाल आणि पांढरी. आधी ती लांब होती. मग तिनं टोपली खाली ठेवली, दोन्ही हातांनी चादरीची टोकं धरली आणि गिरकी घेतली. चादर पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. माणसाच्या दुप्पट उंचीचे दोन हंस समोरासमोर उभे राहिले आणि त्यांच्या मानेत, बरोबर मधोमध, माझे तीन पत्ते.

मी खुर्चीला घट्ट धरलं. ती चूक मला पाठ होती. कागदावर तिळाएवढी होती, पडद्यावर ती घराच्या उंबऱ्याएवढी झाली होती. अख्खं थिएटर ती बघत होतं. पण माझ्याशेजारी बसलेली अक्का काय ओरडली ठाऊक आहे? "अवो, बगा की, हंसांनी कंठी घातलीया!"

मी पुन्हा बघितलं. खरंच कंठी होती. सरकलेल्या तीन ओळींनी मानेभोवती पांढरी पट्टी पडली होती, आणि नायिका हलली की ती पट्टी गळ्यातल्या दागिन्यासारखी चमकत होती. तेवढ्यात ठेका धरला गेला, टाळ्या सुरू झाल्या, पुढच्या बाकांवरून नाणी उडाली. आधी मी लाजेनं मेले होते, मग मी टाळ्या वाजवत होते. दोन्ही खरंच होतं. इतकं सुंदर गाणं, आणि त्यात माझी चूक, आणि ती सांगायला माझ्याकडं कुणी नाही. गाणं संपलं तेव्हा मला ते लगेच पुन्हा बघायचं होतं आणि अप्पांच्या नजरेस कधीच पडू द्यायचं नव्हतं.

आठवड्याभरात गावात दुसरा विषय राहिला नाही. चादर आमच्याच मागावरची, असं पूर्व भागातल्या प्रत्येक गल्लीत छातीठोकपणे सांगितलं जात होतं. एक जण म्हणायचा, सूत मी भरलं. दुसरा म्हणायचा, काठाला टीप माझ्या बायकोनं घातली. गाणं सुरू झालं की लोक उभे राहायचे आणि पडद्याकडं बोटं करून एकमेकांना धागे दाखवायचे. वन्स मोरचा एवढा गोंगाट व्हायचा की ऑपरेटर ते रीळ मागं घेऊन पुन्हा लावायला लागला होता. तोही कारागिराच्याच घरचा होता, त्याला दुसरं काय सुचणार?

अप्पा मात्र जायला तयार नव्हते. "मला तितं काय दिसणार? हाताजवळचा कागद दिसंना झालाय," ते म्हणायचे. ते असं म्हणाले की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायचे.

शेवटी अव्वानंच एके दिवशी विषय काढला. "मला परत बगायचाय," ती म्हणाली. "अक्काबरोबर जायचं न्हाय. तुमच्याबरोबर जायचंय. लग्नाला पंधरा वर्सं झाली, तुमी मला कुटं नेलंय सांगा बगू?" अप्पांनी खूप विचार केला. गड्ड्याच्या जत्रेला नेलं होतं, एवढंच त्यांना आठवलं. ते उत्तर पुरेसं नव्हतं हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण सुट्टीच्या दिवशी ते धुवट धोतर नेसून, टोपी घालून अडीच वाजताच दाराशी उभे होते.

आम्ही तिघं ओळीनं बसलो. अप्पा मध्ये, अव्वा एका बाजूला, मी दुसऱ्या. पहिला अर्धा तास अप्पा हाताची घडी घालून बसले होते. बेकरीवालीच्या घरातले पडदे बघून ते मला म्हणाले, "गिरणीचा माल हाय. विटणार." नायकाच्या सदऱ्याच्या चौकड्या त्यांनी मोजल्या. मग पोस्टमन पिठाच्या पोत्यात पडला. आणि अप्पा हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग टोपी काढून गुडघ्यावर आपटत. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. पुढच्या गाण्याला त्यांचा पाय हलायला लागला, आणि मोडक्या बँडचा ढोलवाला चुकला की "आरं, सोड! आता पाड!" असं ते पडद्याला सांगायला लागले. हंसांची चादर यायची आहे हे ते साफ विसरून गेले होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, विसरूनच राहू देत.

पण गाणं आलंच. धुकं, टोपली, चादर. थिएटर उठून उभं राहिलं तसे आम्हीही उभे राहिलो. नायिकेनं गिरकी घेतली. हंस पसरले.

अप्पा पुढं झुकले. "मान," ते म्हणाले. मग माझ्या खांद्याला धरून, "मान बग. मान बग गं. माझीच हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. थोड्या वेळापूर्वी हसणारा तो चेहरा पार उतरला होता. आजूबाजूला शिट्ट्या चालल्या होत्या, एक बाप्या खुर्चीवर चढून नाचत होता, अव्वा टाळ्या पिटत होती, आणि एवढ्या आनंदात माझे अप्पा एकटे त्यांची न केलेली चूक बघत होते. मला ते सहन झालं नाही. खरंच झालं नाही.

"अप्पा, ते मी केलं," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले. तरी ऐकू गेलं नाही, तरुणपणी मागावर काम केलेल्या माणसाचे कान ते. मग मी छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि ओरडले, आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं आणि शिट्ट्या थांबल्या.

"मी चुकीचं पाडलं, अप्पा! तुमी बरोबर वाचलं हुतं! मी गाणं म्हणत हुते!"

चिडीचूप थिएटरात हे वाक्य स्वच्छ घुमलं. दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिथं निम्मी माणसं मागावरची होती. पाडणं म्हणजे काय आणि वाचणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग पुढच्या बाकावरून एक आवाज आला, "अगं मंग लई झ्याक केलंस की पोरी!" आणि सगळं थिएटर हसायला लागलं. त्या हसण्यातूनच कुणीतरी वन्स मोरची आरोळी ठोकली, आणि ऑपरेटरनं गाणं पुन्हा लावलं.

अप्पा बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी पडद्याकडं बघत राहिले. हंस आले तसं त्यांचं बोट हवेत हललं. "तीन ओळी," ते स्वतःशीच म्हणाले, पण कारागिराच्या आवाजात. "दोन घरं सरकल्यात. डाव्या अंगाला." इतक्या लांबून, हलत्या चादरीवर. ते बरोबर होतं.

मध्यंतरात ते एकटेच बाहेर जाऊन आले. उरलेला सिनेमा बघितला, हसायच्या जागी हसले, जत्रेत बँड नीट वाजला तेव्हा टाळ्याही वाजवल्या. बाहेर उन्हं कलली होती. अव्वा पुढं चालली होती, अक्काला काय काय सांगायचं याची उजळणी करत. अप्पा मागं राहिले आणि मला म्हणाले, "वरीसभर गं?"

एवढंच. मला रडू फुटलं. रस्त्यात, गर्दीत, नाक पुसायला रुमाल नसताना.

"मला वाटलं डोळं गेलं," ते म्हणाले. "रातीला झोप येत नव्हती मला. आंधळा झालो तर तुमा दोघींचं कसं हुईल म्हणून." हे ते रागावून म्हणत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. शेंगदाणेवाल्यापाशी ते थांबले, एक पुडी घेतली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "कंचं गाणं हुतं?"

मी हुंदके देत देत त्या टांग्यावरच्या गाण्याचं नाव सांगितलं.

"ते?" अप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "ते तर बंडल गाणं हाय गं. चुकायचंच हुतं तर आजच्यासारख्या गाण्यावर तरी चुकायचं."

अव्वानं वळून बघितलं तेव्हा मी शेंगदाणे खात रडत होते आणि हसत होते. तिनं काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. थिएटरात सगळ्यांबरोबर तिनंही ऐकलंच होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कारखानदार स्वतः आमच्या घरी आले. दुकानांत गिऱ्हाईक कंठीवाले हंस मागत होतं. पंढरपूरहून, मोडनिंबहून मागणी आली होती. बिनकंठीचे दाखवले तर लोक म्हणायचे, हे नकली, सिनेमातले द्या. पण चुकीचे तीन पत्ते अव्वानं कधीच चुलीत घातले होते, आणि दुय्यम मालातली एकही चादर गावात उरली नव्हती. "कंठी काढून द्या," कारखानदार अप्पांना म्हणाले.

अप्पांनी सिनेमा आणखी दोनदा बघितला. कामासाठी, असं ते म्हणायचे. मग कागदावर कंठी काढली. छान गोल, मोजून मापून, दोन्ही हंसांना सारखी. कारखानदारांनी नमुना बघितला आणि मान हलवली. ही काढल्यासारखी दिसते, ते म्हणाले. ती तशी नव्हती.

अप्पा कागद घेऊन दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो बाजूला ठेवला, ट्रंकेतून हंसांचा जुना, बरोबर असलेला कागद काढला आणि मला समोर बसवलं. तीन कोरे पुठ्ठे माझ्यापुढं ठेवले.

"मी वाचतो," ते म्हणाले. "तू गा."

"कंचं?"

"तेच. ते बंडल."

मी गायला सुरुवात केली. आधी लाज वाटत होती, त्यामुळं मी हळू गायले आणि बरोबर पाडलं. अप्पांनी पत्ता उजेडाला धरून बघितला आणि नापास केला. दुसरा दिला. तोही बरोबर आला. मुद्दाम चुकायला गेलं की हात शहाण्यासारखा वागायला लागतो, हे मला तेव्हा कळलं. अव्वा चुलीपाशी बसून हसत होती. मग अप्पा स्वतःच गायला लागले. त्या एका पट्टीतल्या, चढ-उतार नसलेल्या आवाजात त्यांनी "दोन पाड, चार सोड" त्या गाण्याच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली, इतकं बेसूर की मला हसू आवरेना. मी हसत, गात, भोकं पाडत सुटले. कुठला पत्ता, कुठली ओळ, काही भान राहिलं नाही.

तीन पत्ते झाले. अप्पांनी ते हातात घेतले, कागद मांडीवर ओढला आणि एकेका भोकावरून बोट नेलं. चष्मा घातलेला नव्हता. मग माझ्याकडं बघून त्यांनी वर्षभरापूर्वीचाच प्रश्न विचारला.

"मी काय वाचलं गं?"

"तुमी बरोबर वाचलं, अप्पा," मी म्हणाले. "मी चुकीचं पाडलं."

"शाब्बास," ते म्हणाले आणि कोरा चौकटीचा कागद पुढं ओढला. त्यावर त्यांनी पहिलं घर भरलं, मग दुसरं. बराच वेळ मला कळेना काय काढतायत. मग चोच दिसली.